दिसलं तेवढं लिहा

आमच्या शाळेत एक सर होते. त्यांच्यासमोर 'पाऊस पडतोय' असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं, की ते उठून खिडकीशी जायचे, मान वाकडी करून बाहेर बघायचे आणि म्हणायचे, "मला समोरच्या पत्र्यावर पाणी पडताना दिसतंय. पाऊस पडतोय, असं तुम्ही म्हणताय." अहो, पाणी वरून पडतंय, पत्रा वाजतोय, मग पाऊसच ना? नाही. त्यांना तेवढं पुरायचं नाही. पहिले काही दिवस मी नुसती मान हलवली, मग कपाळावर हात मारून घेतला, आणि पुढे पुढे त्यांच्यासमोर हवापाण्याचं बोलायचंच सोडून दिलं.

वैताग म्हणजे एकदा त्यांचंच खरं निघालं. दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. पत्र्यावर आवाज आला तसा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, पी.टी.चा तास रद्द केला आणि मैदानावरची पोरं वर्गात कोंबली. सर तेवढ्यात जिना चढून गच्चीवर गेले आणि खांदे भिजवून खाली आले. शेजारच्या बिल्डिंगची टाकी भरून वाहत होती. वॉचमन मोटर चालू ठेवून चहाला गेला होता. तोवर स्टाफरूममधल्या दोघींनी घरी फोन करून गॅलरीतले कपडे काढायलासुद्धा सांगितले होते. सर काही बोलले नाहीत, रुमालाने डोकं पुसत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

मी त्या शाळेत शास्त्र शिकवायचे. भाईंदर पूर्वेला केबिन रोडच्या गर्दीतून आत वळलं, की एका गल्लीत आमची मराठी शाळा. सकाळचं अधिवेशन, साडेबाराला सुट्टी. सर आमच्याकडे आले ते 'अतिरिक्त' म्हणून. मुंबईतल्या त्यांच्या शाळेत मुलं कमी होत गेली, तुकड्या बंद पडत गेल्या आणि शिक्षक मात्र उरले. अशा उरलेल्यांना सरकारी भाषेत अतिरिक्त म्हणतात आणि जिथे जागा असेल तिथे पाठवून देतात. असे लोक बहुतेक तोंड पाडून येतात. हे स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार. मी अतिरिक्त." मग माझ्या खुर्चीवर बसले.

ती खुर्ची माझी आहे, असं मी त्यांना सांगितलं. "हो, म्हणूनच बसलोय," म्हणाले. "इथून शाळा कशी दिसते ते बघतोय." मला वाटलं, माणूस उद्धट आहे. दुसऱ्या दिवशी ते गणिताच्या सरांच्या खुर्चीत होते, तिसऱ्या दिवशी चित्रकलेच्या बाईंच्या. असे फिरत फिरत सगळ्या खुर्च्या बसून झाल्या, तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "बाई, तुम्ही चिडक्या नाही आहात. तुमच्या खुर्चीवर पंख्याचा वारा येतच नाही. मधे कपाट आहे." कपाट हलवलं. मला वारा लागायला लागला हे खरं. चिडचिड कमी झाली की नाही ते मला विचारू नका.

दिसायला अगदी साधे. पन्नाशीच्या आसपासचे, बुटके, कपाळ मोठं, खिशाला शाईचा डाग. जेवायला बसले की पहिला घास डोळे मिटून खायचे. स्वतःच्या डब्यातला नव्हे, आमच्या! "थांबा, सांगू नका," म्हणायचे आणि चावत चावत ओळखायचे. "पडवळ." पडवळ नसायचंच, दुधी असायचा. "चुकलो!" असं ते इतक्या आनंदाने ओरडायचे, की शेजारच्या वर्गातली पोरं दारातून डोकवायची. चूक निघाली की खूश होणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. आम्ही सगळे चूक झाकायला धडपडणारे. यांना ती प्रसादासारखी लागायची.

केबिन रोडवर भाजी घेताना त्यांच्यासोबत जायचं म्हणजे तर शिक्षाच. भाजीवाला ओरडतोय, "ताजा है, मास्टरजी, एकदम ताजा!" आणि हे मेथीची जुडी नाकाशी धरून त्याला शांतपणे विचारतायत, "भैया, ताजा है ये आपने देखा, के आपको किसी ने बताया?" भाजीवाल्याने एकदा माझ्याकडे बघून हात जोडले. "मॅडम, इनको समझाव. मेरे को धंदा करना है." मी म्हटलं, "भैया, हमारा भी यही हाल है."

पण वर्गात गेले की हाच माणूस वेगळा व्हायचा. म्हणजे विक्षिप्तपणा तोच, पण तिथे तो शोभायचा. सातवी ब त्यांच्याकडे मराठीला होती आणि बुधवारचे शेवटचे दोन तास जोडून घेतलेले. त्या तासांना ते पुस्तक उघडायचेच नाहीत. नळाच्या पाण्याची तीन भांडी घ्यायची, एक गरम, एक गार, एक कोमट. एका मुलाचा एक हात गरममध्ये, दुसरा गारमध्ये, मग दोन्ही हात कोमटमध्ये. "सांग, पाणी कसं आहे?" एक हात म्हणतोय गार, एक हात म्हणतोय गरम. पोरगं गांगरलेलं. "एकाच माणसाचे दोन हात भांडतायत, बघा!" म्हणून सर टाळ्या वाजवणार. "आता या भांडणावर लिहा. उजव्या हाताची बाजू मुलींनी, डाव्याची मुलांनी." भांडी माझ्या प्रयोगशाळेतली असायची, फुटायची तीसुद्धा माझ्याच प्रयोगशाळेतली.

एकदा मी मागच्या बाकावर जाऊन बसले. खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची, पांढरे ढीगच्या ढीग. त्यावर चार ओळी लिहा, म्हणून सांगितलेलं. एका मुलीने लिहिलं, बर्फाचे डोंगर. एकाने लिहिलं, कुणीतरी भाताची ताटं वाढून ठेवलीत आणि जेवायला कुणी आलंच नाही. एक मुलगा राई गावातला, त्याने नुसतं लिहिलं, 'ता मीठ हाय.' वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिघांना उभं केलं आणि विचारलं, "यात खोटं कोण बोललं?" मग जी जुंपली! बर्फवाली म्हणते, मला बर्फच दिसला. राईवाला म्हणतो, चाटून बघ. भातवाला म्हणतो, मला भूक लागली होती, सर. "हां!" सर ओरडले. "भूक लागली की ढिगाचा भात होतो. मग डोळ्याने बघतोय की पोटाने?" घंटा वाजली तरी कुणी उठेना. आमच्या शाळेत घंटेनंतर बसून राहिलेला दुसरा वर्ग मी पाहिला नाही.

दुसऱ्या एका बुधवारी विषय होता लाल रंग. "तुला दिसतो तो लाल आणि मला दिसतो तो लाल एकच कशावरून?" एक पोरगा पटकन म्हणाला, "सर, सिग्नलला सगळे थांबतात ना!" मला तर हे उत्तर फारच आवडलं. सर म्हणाले, "थांबतात हे दिसतं, बाळा. त्यांच्या डोळ्यात काय दिसतं ते दिसत नाही." मी नंतर जिन्यात त्यांना गाठलं आणि डोळ्याचा पडदा, प्रकाशाच्या लहरी, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाले, "छान सांगता हो तुम्ही. पण तुमचा लाल कसा आहे ते राहिलंच." मी पाय आपटत निघून गेले.

निबंधाचा त्यांचा नियम एकच. दिसलं तेवढं लिहा. विशेषण वापरायचं असेल तर पुरावा द्या. तोवर आमची पोरं बाजारातल्या निबंधमालेतून उतरवून काढायची. सगळ्यांची आई प्रेमळ, सगळ्यांचे शेजारी मदतीला धावणारे. सरांनी ते सगळं बंद केलं. मग एकाने लिहिलं, 'शेजारच्या काकू खडूस आहेत. पुरावा: त्या आमचा बॉल परत देतात, पण हवा काढून देतात.' हा निबंध सरांनी आम्हाला स्टाफरूममध्ये उभं राहून वाचून दाखवला. मोठ्या बाईसुद्धा हसल्या, नंतर सावरून म्हणाल्या, "पोर्शन कुठवर आलाय?"

तक्रारी यायच्याच. एक आई आली, तिचा मुलगा जेवताना म्हणाला होता, भाजी खारट आहे हे तुला वाटतंय की आहे? एक वडील आले, त्यांना मुलीने नातेवाइकांसमोर 'पुरावा?' असं विचारलं होतं. लोकांचंही बरोबर होतं. दिवसभर कामं करून घरी यायचं आणि वर हे! मोठ्या बाई सगळ्यांना चहा पाजून परत पाठवायच्या आणि सरांना बोलावून म्हणायच्या, "जरा बेताने घ्या हो." सर "घेतो" म्हणायचे.

आता ते निवृत्त होऊन भावाकडे अलिबागला राहतात. दिवाळीला फोन येतो. "बाई, तुमचा आवाज बारीक झालाय. का माझा कान गेलाय? काय पुरावा?" मी म्हणते, "दोन्ही." ते "असू शकतं, असू शकतं" म्हणून खदाखदा हसतात. फोन ठेवला की माझी संध्याकाळ चांगली जाते. खोटं कशाला बोलू, त्या माणसाची मला आठवण येते. आणि आठवण आली की पहिल्यांदा डोळ्यांपुढे येते ती प्रणालीच्या घरातली दुपार.

प्रणाली सातवी बमधली मुलगी. राजापूरकडचं कुटुंब, भाईंदर पूर्वेलाच चाळीत एक खोली. वडील स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशला, कायमचे नाइट शिफ्टवर. आई इंद्रलोकच्या बिल्डिंगमध्ये दोन घरी स्वयंपाकाला जायची, ती तीनपर्यंत परतायची. मुलगी बुजरी, दोन घट्ट वेण्या, प्रश्न विचारला की आधी उभी राहणार आणि मग विचार करणार.

सरांनी निबंध दिला, 'माझे बाबा'. तोच नियम, दिसलं तेवढंच. प्रणालीने लिहिलेलं मला आजही पाठ आहे. 'माझे बाबा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. ते मी पाहिलेलं नाही. मी शाळेतून येते तेव्हा बाबा झोपलेले असतात. ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. झोपेत ते दोन्ही हात छातीजवळ धरतात, मधे काहीतरी गोल असल्यासारखे. मग ते गोल हळूहळू फिरवतात. थोड्या वेळाने उलटं करतात आणि परत फिरवतात. बाबांचं काम कसं असतं ते मला एवढंच माहीत आहे.'

सरांनी तो दोनदा वाचला. मग स्वतःच्या अक्षरात मोठ्या कागदावर उतरवून जिन्याजवळच्या भित्तिफलकावर लावला. आमच्या शाळेत फलकावर नाव लागणं म्हणजे मोठा मान. त्यांना तो मान त्या मुलीला द्यायचा होता, दुसरं काही त्यांच्या मनात नव्हतं.

पण फलक पालकही वाचतात. चाळीतल्या दोघीतिघींनी वाचला आणि घरी जाऊन सांगितला. सांगता सांगता त्यातलं 'झोपतात' तेवढं उरलं. मग चाळीत सुरू झालं, "काय भाऊ, उठलात काय?" गाळ्यापर्यंत बातमी गेली ती हातवाऱ्यांसकट. तिथे कुणीतरी म्हणालं, हा झोपेतपण ओव्हरटाइम मारतो. झालं! गुरुवारी सकाळी शिफ्ट संपवून वडील थेट शाळेत आले. हातापायांवर पॉलिशची काळी भुकटी, डोळे तांबारलेले. मोठ्या बाईंच्या ऑफिसात मी हजेरी द्यायला गेले होते, ती तिथेच उभी राहिले.

"माझ्या पोरीचा दाखला द्या," ते म्हणाले. "तिला गावाला धाडतो, तिच्या काकाकडे."

मोठ्या बाईंनी बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. "रात्रभर उभा राहून काम करतो मी. आणि शाळेच्या भिंतीवर काय, तर बाप झोपतो! बरं, झोपतो म्हटलं तरी एक वेळ चालेल, झोपतोच. पण झोपेत हातवारे करतो? मी काय वेडा हाय? साफ खोटं! पोरगी चारचौघांत बापाबद्दल खोटं लिहायला लागली, तर तिला शिकवून करायचं काय?"

सरांना आणि प्रणालीला बोलावलं. ती दारातच रडायला लागली. पण रडत रडत एकच वाक्य म्हणत होती, "मी पाहिलंय. मी रोज बघते." आईला विचारावं तर ते झोपलेले असताना आई कामावर, ती परतेपर्यंत ते उठलेले. पाहणारी ती एकटीच होती.

मोठ्या बाईंनी त्यांच्या परीने मार्ग काढला. निबंध उतरवायचा, सरांनी दिलगिरी व्यक्त करायची आणि मुलीने 'खोटं लिहिलं, परत लिहिणार नाही' असं म्हणून वडिलांच्या पाया पडायचं. विषय संपला. मलाही तेच बरं वाटलं. त्या काकाच्या गावी सातवीपर्यंतचीच शाळा होती. मुलगी तिकडे गेली असती, तर पुढच्या वर्षी चुलीपाशी बसली असती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

सर म्हणाले, "मी हात जोडून माफी मागतो. तुमच्या घरातलं, तुम्हाला न विचारता भिंतीवर लावलं. ती माझी चूक." आणि खरंच जोडले. "पण ती खोटं बोलली, असं मी तिला म्हणायला लावणार नाही. तुम्ही पाहिलेलं नाही, मी पाहिलेलं नाही."

"मग या बघायला!" वडील ओरडले. "या घरी, बसा समोर, बघा मी कसा झोपतो ते! हात हलला तर म्हणाल ते ऐकेन. नाय हलला तर सोमवारी दाखला पायजे."

कुणीही ओळखलं असतं, हे रागाचं बोलणं आहे. सरांनी विचारलं, "कितीला येऊ?"

मी मनात म्हटलं, संपलं सगळं. पण वडीलही हट्टाला पेटलेले. "शनिवारी. शाळा सुटली की या." मोठ्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला पाठ होता: तू पण जा, हा माणूस तिथे जाऊन आणखी काही करून ठेवेल.

शनिवारी आम्ही निघालो. शेअर रिक्षात सर माझ्या शेजारी, प्रणाली पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला, दप्तर मांडीवर घेऊन. सरांचा चेहरा पार उतरला होता. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता म्हणे. "बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हात हलला नाही तर? मी शिकवलं ते तिने केलं. जसंच्या तसं केलं. आणि आता त्यापायी तिचीच शाळा जाणार." माझ्या तोंडावर आलं होतं, आधी सुचायला हवं होतं. पण त्यांच्याकडे बघून बोलवेना. मी म्हटलं, "हलेल हो. मुलगी खोटारडी नाहीये." ते म्हणाले, "ते तुम्हाला वाटतंय." एरवी मी चिडले असते, त्या दिवशी नाही चिडले.

प्रणालीच्या आईने लवकर सुट्टी घेतली होती. शाळेतले सर-बाई घरी येणार, मग काही का कारण असेना, त्यांना जेवल्याशिवाय कसं सोडणार? कुळथाची पिठी, गरम भात, वर तूप, भाजलेला पापड. वडील चटईवर मांडी घालून बसले होते, रागावलेले, पण सरांच्या ताटाकडे लक्ष ठेवून. "वाढ गं त्यांना," तेवढंच बोलले. सर दोन्ही दिवस नीट जेवले नसावेत. तीनदा भात घेतला. पहिला घास डोळे मिटून खाल्ला नाही, यावरून काय ते समजा.

जेवणं झाली. वडिलांनी अंथरूण घातलं, सदरा काढून खुंटीला लावला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हं, बघा."

आम्ही बघत बसलो. मी एका पाटावर, आई ओट्याला टेकून, प्रणाली दाराजवळ. सरांनी विचारलं, "तू रोज कुठे बसतेस?" तिने ओट्याच्या कोपऱ्यातली जागा दाखवली. सर तिथे जाऊन बसले, कपड्यांच्या पत्र्याच्या पेटीला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन. खोलीत पंख्याची घरघर आणि बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवरची मालिका.

आता तुम्हीच सांगा, चार माणसं टक लावून पाठीकडे बघतायत, त्यात झोप कुणाला लागेल? वडिलांनी कूस बदलली. परत बदलली. एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. "झोप येत नाय," म्हणाले. आई म्हणाली, "डोळे मिटा, येईल." "मिटलेच हायेत!" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले, म्हणजे त्यांना अवघडायला नको. शेवटी ते वैतागून उठूनच बसले. "रोज आडवा होतो तसा मरतो मी. आज बघा! तुम्ही बघताय ना, म्हणून. असं कसं बघणार कुणी कुणाला झोपताना?"

बोलता बोलता ते थांबले. कारण सर त्यांना उत्तर देत नव्हते. सर झोपले होते. पेटीला डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं. दोन रात्रींचं जागरण आणि वर तीनदा घेतलेला भात, दुसरं काय होणार? मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या कामाला आलो, तेच सोडून हा माणूस परक्याच्या घरात घोरतोय! मी त्यांना हलवायला पुढे झाले, आणि तेवढ्यात त्यांचा उजवा हात उचलला गेला.

तीन बोटं जुळलेली, मधे खडू धरल्यासारखी. हात हवेत डावीकडून उजवीकडे सरकला. थोडा खाली आला, परत डावीकडून उजवीकडे. मला हसू आवरेना, मी तोंडावर पदर धरला. आई जागच्या जागी उभी. वडील गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि बघत राहिले, डोळ्यांची पापणी न हलवता.

"काय करतायत?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

प्रणाली कधी त्यांच्याजवळ येऊन बसली ते मला कळलं नाही. "फळ्यावर लिहितायत, बाबा," ती कुजबुजली. "तारीख लिहिली. आता वार." हात आडवा, लांब, सरळ गेला. "आता खाली रेघ मारली. सर नेहमी मारतात."

मग हाताची मूठ झाली आणि ती वरून खाली, वरून खाली फिरायला लागली. "पुसतायत," प्रणाली म्हणाली.

वडिलांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, परत उताणे केले. काळ्या भेगा पडलेले ते हात ते अशा काही नजरेने बघत होते, की मी नजर काढून घेतली.

"माझंपण असंच?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण तुमचे दोन्ही हात."

"आणि मला कळतपण नाय."

"नाही. तुम्ही झोपलेले असता ना."

आईने पदराने डोळे टिपले आणि चहाचं आधण ठेवायला वळली. भांडं ओट्याला लागून ठण्ण वाजलं, तसं वडिलांनी तिच्याकडे रागाने बघितलं. मग अंथरुणावरची स्वतःची उशी उचलली, गुडघ्यांवर सरकत सरांपाशी गेले आणि डोकं कलतंय तिथे, पेटीच्या कडेला, अलगद टेकवली. सरांचा हात परत वर झाला होता. पुसून झालं होतं, नवीन काहीतरी लिहायला घेतलं होतं.

मला धीर धरवेना. मी वाकून विचारलं, "मग सोमवारी दाखल्याचं..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कसला दाखला? हळू बोला, बाई," ते म्हणाले. "सरांचा तास चालू हाय."